साडेतीन बोटांचं रिव्हॉल्व्हर

बारामतीहून परत आल्यापासून भेटेल तो मला दोनच प्रश्न विचारतो. गूळ कसा होता, आणि कपाळाला काय झालं? गूळ फक्कड होता. कपाळाचं मात्र एका वाक्यात सांगण्यासारखं नाही. आमच्या आळीत जी बातमी फिरते आहे, की लिमयांना बारामतीच्या रेड्यानं उडवलं, ती साफ खोटी आहे. रेडा नव्हता. काय होतं ते खरं खरं लिहून टाकावं आणि सगळ्यांची तोंडं एकदाची बंद करावीत, म्हणून हा उद्योग.

मी पुण्याच्या लष्कर भागात एका बंदुकांच्या दुकानात कारागीर आहे. माझी आई चारचौघांत ‘लोखंडाच्या सामानाचं दुकान’ असं सांगते, कारण आमच्या घराण्यात पंचांगाहून जड वस्तू आजवर कुणी उचललेली नाही. माझं काम म्हणजे बिघडलेलं हत्यार दुरुस्त करणं, आणि धड असलेलं गिऱ्हाइकाच्या हाताला बेतून देणं. शिंपी अंगरखा बेततो तसं. कुणाला मूठ जाड हवी असते, कुणाला चाप हलका हवा असतो, कुणाला नळी आखूड. ह्या कामात लष्करात माझा हात धरणारा कोणी नाही असं माझं मत आहे. मालकांचंही तेच मत असावं, पण ते कधी बोलून दाखवत नाहीत.

नाताळाच्या आधी इंदापूर तालुक्यातल्या एका वाडीहून दुकानात पत्र आलं. लिहिणारे सुभेदार खंडेराव, पलटणीतून निवृत्त. मजकूर थोडक्यात असा: मोठ्या लढाईनंतर साहेबानं बक्षीस दिलेलं मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर माझ्यापाशी आहे, रीतसर लायसन्स आहे. लढाईत उजवा हात दुखावल्यामुळे मूठ धरवत नाही. इतकी वर्षं कुणी काही विचारलं नाही. पण आता नवा प्रांतसाहेब आला आहे. तो म्हणतो, दिवस वाईट आहेत, अधू माणसाच्या कमरेचं हत्यार कुणीही हिसकावून नेईल आणि आमच्यावरच झाडील. तरी साल संपण्याच्या आत इंदापूरच्या मुक्कामी येऊन चालवून दाखवा, नाहीतर सरकारात जमा करा. तेव्हा कृपा करून माझ्या हाताच्या मापाची मूठ बनवून मिस्तरीस धाडावं. सोबत पंजाचा ठसा जोडला आहे.

ठसा कुंकवाचा होता. पाचही बोटं कशी स्वच्छ उमटलेली, तळव्याच्या रेघासुद्धा मोजून घ्याव्यात. पंजा जरा नाजूक होता, एवढंच. मी मालकांना म्हटलं, "सुभेदार अंगानं बेताचे दिसतात." मालक म्हणाले, "तू माप घे, माणसं जोखू नकोस."

त्याच बनावटीचं रिव्हॉल्व्हर दुकानात होतं, त्यावर बेतून मी शिसवाची मूठ कोरली. चार दिवस लागले. झाल्यावर अशी गुळगुळीत झाली की मी ती खिशात ठेवून उगाचच चाचपत फिरत होतो.

बारामतीस

दौंडला मोठी गाडी सोडून धाकटी धरावी लागते. ह्या धाकटीची चाल अशी, की माणसानं मधेच उतरावं, शेतातला हरभरा उपटावा आणि पुन्हा त्याच डब्यात चढावं. मला वाटलं हे लोक थट्टेनं म्हणतात. आमच्या डब्यातल्या एका गृहस्थानं खरोखरच तसं केलं आणि अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवली. पुण्यात अनोळखी माणसाच्या मांडीवर कुणी काही ठेवलं तर तो आधी किंमत विचारील. मी मुकाट्यानं घाटे सोलून खाल्ले.

बारामतीच्या स्टेशनाबाहेर एकच टांगा उभा होता. टांगेवाला खरारा घेऊन घोड्याला घासत होता.

"कुठं जायचं, भटजी?"

"मी भटजी नाही. मी बंदुकांचा कारागीर आहे."

त्यानं माझी टोपी, माझं धोतर आणि माझी हत्यारांची पेटी सावकाश न्याहाळली. "बरं. मग कुठं जायचं, बंदूकवालं भटजी?"

ह्याचं नाव इमामभाई. पुढचे पाच दिवस हा माणूस माझ्या मानगुटीवर बसला होता. वाडीचं नाव सांगताच तो खुलला.

"पिस्तुलवाल्या सुभेदाराकडं म्हना की! त्या पिस्तुलानं त्यांनी काय काय मारलंय, ठावं हाय का?"

"रिव्हॉल्व्हर म्हणतात त्याला. पिस्तूल वेगळं. काय मारलंय?"

"काय बी न्हाय. पंधरा वर्सं कमरंला हाय, उंदीर न्हाय मारला. पर इंदापूरच्या बाजारात सुभेदार आबा आलं की समदा बाजार उठून राम राम घालतोय. माझं घोडं बी बाजूला सरतंय. आता म्हनं सायब ते पिस्तूल काढून घेनार."

"रिव्हॉल्व्हर."

"त्येच ते. पिस्तूल."

गावाबाहेर पडल्यावर कालव्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस. एका गुऱ्हाळापाशी इमामभाईनं न विचारता टांगा थांबवला. गुऱ्हाळवाल्यानंही न विचारता माझ्या हातात बाजरीची भाकरी ठेवली आणि तिच्यावर पळीभर गरम काकवी ओतली. ओतली ती थांबेना. भाकरीवरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर. काकवी कशी खावी ह्याचं काही शास्त्र असावं, ते मला ठाऊक नव्हतं. मी कोपर चाटत असताना इमामभाई गुऱ्हाळवाल्याला म्हणाला, "पुन्याचं बंदूकवालं हायत," आणि दोघंही दुसरीकडं बघून हसले.

कालव्याचं पाणी संपलं की इंदापूरच्या वाटेवर मुलूख बदलतो. ऊस जातो, ज्वारी येते, मग ज्वारीही विरळ होते आणि नुसता माळ उरतो. त्या माळावरून आणखी तासभर गेल्यावर सुभेदारांची वाडी. माझ्या पाठीच्या कण्यातले सगळे मणी तोवर जागचे हलले होते.

वाडीत

ओसरीवर एक सहा फुटी, गलमिशांचा, दरवाज्याएवढा माणूस उभा होता. मी त्याला विचारलं, "सुभेदार खंडेराव आहेत का?"

"मीच तो," दरवाजा बोलला.

माझ्या खिशातली मूठ मला एकाएकी फार लहान वाटायला लागली.

पाय धुवायला पाणी, मग गुळाचा चहा, मग पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत, आणि वर शेंगदाण्याची अशी चटणी की माझे कान वाजायला लागले. वाढत होत्या सुभेदारीणबाई, भागूबाई. बुटक्या, चटपटीत, बोलण्यात एकदम कडक. आमच्याकडे पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की वाढणं थांबतं. इथं ‘पुरे’ हा शब्द कुणाला ऐकूच येत नाही. जेवताना एक गोष्ट मात्र माझ्या नजरेला आली. सुभेदारांनी उजवा हात उपरण्याखालून काढलाच नाही. ते डाव्या हातानं, भिंतीकडं तोंड करून जेवले.

जेवणानंतर मी मोठ्या ऐटीत मूठ बाहेर काढली. त्यांनी रिव्हॉल्व्हर आणून समोर ठेवलं. काय धूड ते! चारशे पंचावन्न बोअर, नळी पाहिली तर झाडाचं बोर आत जाईल. मी जुनी मूठ काढून नवी बसवली. रिव्हॉल्व्हरवर ती चपखल बसली. मी म्हटलं, "धरा आता."

सुभेदारांनी थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. मग उपरण्याखालून हात काढला.

तर्जनी मुळापासून नाही. मधलं बोट अर्धं. उरला अंगठा आणि शेवटची दोन बोटं. आणि जो पंजा होता तो एवढा थोरला, की माझी शिसवाची मूठ त्यात सुपारीसारखी दिसली.

मी खिशातून ठशाचा कागद काढला. कागदाकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं. सुभेदारांनीही कागद पाहिला. पाच बोटं. मग त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून अशी हाक मारली की आढ्यावरची चिमणी उडाली.

"अगं ए! ह्यो पंजा कुनाचा?"

भागूबाई हात पुसत बाहेर आल्या. मुळीच घाबरल्या नव्हत्या. "माजा."

"तुजा? बंदूक मी धरनार आन् पंजा तुजा?"

"मग काय करू? तुमी म्हनला, कुंकवात हात बुडवून उमटीव आन् धाड. अपुऱ्या पंजाचं कुंकू कुनी उमटवतं का? दारावर उमटवा, चोपडीवर उमटवा, पंजा भरलेलाच लागतोय. घराचं वंगाळ व्हायचं. आन् तुमचा हात असा गावोगाव कागदावर फिरवू? लोकांनी बघावा म्हनून?" एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढचं रिव्हॉल्व्हर उचललं आणि मुठीत धरलं. "बघा की, कसं ब्येस बसलंय."

बसलं होतं खरंच. मी इतकी वर्षं हे काम करतो आहे, पण मूठ हाताला इतकी नेमकी बसलेली मी पाहिली नव्हती. खोटं कशाला बोला, क्षणभर मला फार अभिमान वाटला. इमामभाई ओसरीच्या खांबाला धरून हसत होता. मला सोडून तो बारामतीला परतणार होता, पण म्हणाला, "असा तमाशा टाकून बारामतीला जाऊन काय करू?" आणि त्यानं घोडं सोडून गव्हाणीला बांधलं.

सुभेदार हसले नाहीत. हात पुन्हा उपरण्याखाली घेऊन बसले. मग मला म्हणाले, "मिस्तरी, सायबाकडं जायला चार दिस हायत. तुमाला खरं सांगतो. ह्याच्यानं मी काय बी मारलं न्हाय, मारनार बी न्हाय. पर ह्ये कमरंला हाय तवर मी सुभेदार. ज्या दिशी उतरंल त्या दिशी मी थोटा. आजपातुर गावात कुनी म्हनलं न्हाय. पर समद्यांच्या व्हटावर हाय, मला ठावं हाय."

भागूबाई आत निघून गेल्या. भांड्यांचा उगाच मोठा आवाज झाला.

मला वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी फुशारकी मारतो, ही माझी जुनी खोड आहे. मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, दोन बोटांच्या माणसालासुद्धा मी हे चालवायला लावीन. आधी मला ह्याचा धक्का केवढा आहे तो पाहू द्या."

आता इथं एक कबुली द्यायला हवी. दुकानात आम्ही हत्यार चिमट्यात आवळतो आणि दोरी ओढून बार काढतो. एवढ्या थोरल्या बोअरचं रिव्हॉल्व्हर मी स्वतःच्या हातात धरून कधीच उडवलेलं नव्हतं. ही गोष्ट त्या ओसरीवर सांगावीशी वाटली नाही.

वाडीमागच्या नाल्यात गेलो. समोर मातीची दरड. वाडीतली झाडून सगळी माणसं बांधावर बसली. मी एक पाय पुढं टाकला, कोपर ऐटीत वाकवला, एक डोळा मिटला आणि चाप ओढला.

पुढचं मला इमामभाईच्या सांगण्यावरून ठाऊक आहे. बार झाला, नळी आभाळाकडं उसळली, तिच्या टोकावरची नेम धरायची लोखंडी माशी माझ्या कपाळात बसली, आणि मी नाल्याकडेच्या हरभऱ्यात बसलो. कुणीतरी मला पाणी पाजलं. भागूबाईंनी कपाळावर हळद दाबली आणि फार काळजीनं विचारलं, "पुन्याकडं बसूनच बार काढत्यात व्हय?"

तेव्हा, आळीतल्या मंडळींनो, हाच तो रेडा.

पण एक झालं. धक्का केवढा ते माझ्या डोक्यात पक्कं शिरलं. दोन बोटांनी तो आवरणं शक्य नव्हतं. मी सुचवलं, डाव्या हातानं धरा. सुभेदार म्हणाले, "जेवतो डाव्या हातानं, त्येच लई झालं. सलाम आन् हत्यार उजव्यानंच." विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाळाला फडकं बांधून ओसरीवर हताश बसलो होतो. समोर इमामभाई घोड्याला खरारा करत होता. खराऱ्याला वरून चामड्याचा पट्टा असतो, त्यात हात सारतात. बोटांनी धरायचं कामच नाही. हात सैल सोडला तरी खरारा पडत नाही.

मी उठून त्याच्या हातातला खरारा हिसकावला. घोडं बिथरलं.

"आता घोडं घासता व्हय, भटजी?"

"तुझा पट्टा दे!"

"आन् माझा खरारा?"

"मरू दे तुझा खरारा!"

मग तीन दिवस मी त्या वाडीत जे काम केलं तसं आयुष्यात केलं नाही. ह्या वेळी माप कुंकवाचं घेतलं नाही. ओल्या मातीचा गोळा केला आणि सुभेदारांना म्हटलं, आवळा. ते तयार होईनात. भागूबाईंनीच त्यांचा हात उपरण्याखालून ओढून काढला आणि मातीत दाबला. "मिस्तरीला दिसलाच हाय. आता लाजून काय करता?"

त्या मातीवरून बाभळीची मूठ कोरली. जिथं बोटं नव्हती तिथं लाकडाचा उंचवटा ठेवला, म्हणजे पोकळी भरून निघावी. अर्ध्या बोटाला टेकायला खळगा केला. लोहाराच्या भात्यावर चाप तापवून, लांबवून खाली वाकवला, चापाभोवतीचं कडं कापून मोकळं केलं, म्हणजे तो तिसऱ्या बोटाच्या टप्प्यात यावा. मागून इमामभाईच्या खराऱ्याचा पट्टा, पंजाच्या पाठीवरून घट्ट. नळीवरची माशी मी घासून बोथट केली. त्याची गरज नव्हती, पण माझा तिच्यावर राग होता. झालं ते धूड इतकं ओबडधोबड दिसत होतं की दुकानात ठेवलं असतं तर मालकांनी मला बाहेर ठेवलं असतं.

चौथ्या दिवशी नाल्यात सुभेदारांनी पंजा पट्ट्यात सारला. बार झाला. हात उसळला, पण रिव्हॉल्व्हर हातातच राहिलं. त्यांनी हाताकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ऱ्हायलं की हो."

गोळी कुठं गेली ते विचारू नका. दरड चांगली लांबरुंद होती, तिलाही लागली नाही. आणि काडतुसं मोजकी, सहा साहेबापुढं लागणार, म्हणून सराव करायची सोय नव्हती.

इंदापुरास

प्रांतसाहेबाचा तंबू गावाबाहेर निंबाच्या झाडांखाली होता. साहेब गोरा, तरुण, मराठीच्या परीक्षेत नुकताच उत्तीर्ण झालेला. त्यामुळे तो बोलायला लागला की शाळेतलं पुस्तक कुणीतरी मोठ्यानं वाचतंय असं वाटे. बाजारचा दिवस असल्यामुळे गर्दीला तोटा नव्हता. भागूबाई बायकांच्या घोळक्यात पुढं उभ्या होत्या. पंचवीस पावलांवर तीन मडकी मांडली होती.

"सुभेदार, आपण आपले शस्त्र चालवून दाखवावे," साहेब म्हणाला.

सुभेदारांनी उपरणं काढून इमामभाईच्या हातात दिलं. सगळ्या बाजारासमोर तो हात पहिल्यांदाच उघड्यावर आला. गर्दीत कुजबूज झाली. सुभेदारांची मान लाल झाली, पण हात त्यांनी मागं घेतला नाही.

पहिली गोळी मातीत. दुसरीही मातीत, जरा अलीकडे. तिसरी कुठंच दिसली नाही. चौथ्या बाराला उजवीकडचं मडकं फाटकन फुटलं. बाजारानं आरोळी ठोकली. इमामभाईनं उपरणं हवेत उडवलं. पाचवी आणि सहावी पुन्हा मातीत गेल्या, पण तिकडं कुणी पाहिलंच नाही.

साहेबही खूश दिसला. सहज बोलावं तसं त्यानं विचारलं, "उत्तम. आपण त्याच मडक्यावर नेम धरला होता ना?"

हो म्हणायचं, संपलं. भागूबाई जोरजोरानं मान हलवत होत्या. मी मान हलवत होतो. इमामभाई तर दोन्ही हात हलवत होता.

सुभेदार ताठ उभे राहिले. "न्हाय सायब. डावीकडच्यावर धरला हुता."

भागूबाईंनी कपाळावर हात मारला. "असा खरं बोलनारा मानूस मलाच बरा मिळाला!"

साहेबाचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "सुभेदार, आपण सत्य बोललात, ह्याचा मला आनंद आहे. परंतु माझी शंका अधिक दृढ झाली. आपल्या हातून हे कोणीही घेईल. ह्या क्षणी घेईल. शिपाई!"

एक धट्टाकट्टा शिपाई पुढं आला. साहेबानं सुभेदारांच्या हातून रिव्हॉल्व्हर सोडवून त्याला दिलं आणि आपल्याजवळची सहा नवी काडतुसं भरायला लावली. "तू एक दरोडेखोर आहेस. मडके फोड."

शिपायानं पंजा पट्ट्यात घालायला घेतला. तो शिरेना. त्याची पहिली दोन बोटं लाकडाच्या उंचवट्यावर अडली. बायका बांगड्या भरताना आवळतात तसा त्यानं हात आवळून पाहिला. मग पट्टा सोडून नुसतंच धरलं, तर तर्जनीला चाप सापडेना. चाप खाली, तिसऱ्या बोटापाशी. तिसरं बोट घालावं तर वरची दोन बोटं कुठं ठेवावी कळेना. त्यानं एक बोट वर केलं, एक आडवं केलं, जीभ बाहेर काढली. शेवटी घामाघूम होऊन म्हणाला, "सरकार, ह्यात माझी बोटं जास्त होत्यात."

गर्दी अशी हसली की निंबावरचे कावळे उडाले. साहेब लाल झाला. "मला दे!"

सुभेदार घाईनं पुढं झाले, "सायब, जपून..." पण साहेबानं ऐकलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी कसंबसं धरलं, करंगळीनं चाप ओढला. गोळी निंबात गेली. रिव्हॉल्व्हर त्याच्या हातातून निसटून आपल्याच मर्जीनं टेबलावर जाऊन दौतीवर पडलं. साहेबाच्या पांढऱ्या सदऱ्यावर शाई, आणि अंगठा साहेबाच्या तोंडात.

कुणी हसलं नाही. सगळेच आता काय होतं म्हणून श्वास धरून उभे होते. मी तर पेटी उचलून पळायच्या बेतात होतो.

साहेबानं अंगठा बाहेर काढला. शाईत पडलेलं धूड वळवून वळवून पाहिलं. उंचवटा पाहिला, खळगा पाहिला, पट्टा पाहिला. मग सुभेदारांचा हात मागून घेतला आणि तोही तसाच पाहिला, ह्या बाजूनं, त्या बाजूनं. "हे कोणी केले?"

मी पुढं झालो. माझ्या कपाळाच्या फडक्याकडं त्यानं पाहिलं, स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं असावं.

"तुम्ही हेतुपुरस्सर असे केले? दुसऱ्यास चालू नये म्हणून?"

"होय, साहेब," मी म्हटलं. खरं बोलायचा मक्ता सुभेदारांनी घेतलेला होता, तो मी कशाला मोडू? तुम्हांला म्हणून सांगतो, ही गोष्ट माझ्या स्वप्नातही नव्हती.

साहेब टेबलाशी बसला. लायसन्सचं पुस्तक उघडून उरल्यासुरल्या शाईत टाक बुडवून त्यानं दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या, सही केली, आणि रिव्हॉल्व्हर रुमालानं पुसून सुभेदारांच्या हातात दिलं. त्यानं कडक सलाम ठोकला. सुभेदारांनीही ठोकला, उजव्या हातानं.

टांग्याशी आल्यावर सुभेदारांनी पुस्तक माझ्यापुढं धरलं. "काय लिवलंय?"

मी मराठी करून वाचलं. "हे शस्त्र धारकाच्या हाताखेरीज दुसऱ्या कोणत्याही हाताने चालू शकत नाही, अशी माझी स्वतः खात्री झाली आहे. सबब ते धारकाकडेच राहावे."

"म्हंजे?" भागूबाई म्हणाल्या.

"म्हणजे ह्याला हाच हात लागतो. चांगला धड हात चालत नाही."

"सरकारनं लिवलंय असं?"

"सहीनिशी."

त्या सुभेदारांच्या उघड्या हाताकडं बघत राहिल्या. टांगा सुरू झाला, बाजार मागं पडला, इमामभाई त्याच्या खराऱ्याच्या पट्ट्याचं काय म्हणून मला छळायला लागला. दोनएक मैल गेल्यावर सुभेदारांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मिस्तरी, ते ‘ह्या हाताखेरीज’ म्हनून हाय न्हवं, तेवढं परत वाचा."

मी वाचलं. वाडी येईपर्यंत त्यांनी ते माझ्याकडून आणखी चारदा वाचून घेतलं.